पाण्याखालची कुलपं

बैलाला पोहता येतं, हे तुम्हाला माहीत आहे. म्हशीला येतं, घोड्याला येतं, खेचराला तर शिकवावंही लागत नाही. मग पूर ओसरला की नदीकाठच्या गावांतून बुडालेली जनावरं ट्रॉल्या भरभरून का न्यावी लागतात?

"पाणीच तेवढं होतं," असं उत्तर तोंडावर आलं असेल, तर ते मागे घ्या. मी ती जनावरं पाहिली आहेत. ती वाहून गेली नव्हती. जिथे बांधली होती तिथेच होती.

मी लष्कराच्या पशुवैद्यकीय शाखेत सात वर्षं होतो. ट्रेड ड्रेसर. म्हणजे जनावराच्या जखमा धुणं, बांधणं, डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली उभं राहणं. पायदळात ज्याला लान्स नाईक म्हणतात त्याला आमच्याकडे लान्स दफादार म्हणतात. मी तो होतो. गाव अंजनगाव सुर्जी. घरी औषधी पानपिंपळीचा मळा, दावणीला एकही जनावर नाही. वडील शेतमजुरांच्या संघटनेत. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. मी लिहितो तेही पत्रकासारखंच वाटेल. वाटू द्या.

डेपोत दिवस 04:30 ला सुरू व्हायचा. खेचरांना पाणी, खरारा, खुरांची तपासणी, 06:00 ला परेड. पहिल्या आठवड्यात रिक्रूटला बंदूक देत नाहीत, दोरी देतात. गाठ शिकवतात. सुरगाठ. जनावर कितीही ओढो, सुटणार नाही. माणसाने मोकळं टोक ओढलं की एका झटक्यात मोकळं. ज्याने निरगाठ मारली त्याला आमचे उस्ताद त्याच दोरीने खुंट्याला बांधायचे आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत तिथेच ठेवायचे. मी एकदा बांधला गेलो आहे. त्यानंतर सात वर्षांत माझ्या हातून निरगाठ पडली नाही.

कॅप्टन नेगी आमचे व्हेटरनरी ऑफिसर. संकटात बांधलेल्या जनावराचं काय होतं, यावर ते संशोधन करत होते. घोडे, खेचरं, बैल, म्हशी, सगळे त्यात होते. आम्ही डेपोच्या टाकीत खेचर बांधून पाणी हळूहळू वाढवायचो. कान कुठे वळले, डोळ्याचं पांढरं कधी दिसलं, श्वास किती जोरात, सगळं घड्याळ लावून वहीत टिपायचो. घाबरलं की लगेच सोडायचो. इतक्या वेळा केलं की आम्हाला क्रम पाठ झाला. पाणी पोटाला लागेपर्यंत जनावर उभं राहतं. छातीला लागलं की मागे ओढू लागतं. एकदा ते सगळं वजन टाकून ओढू लागलं, की त्याला सोडवणं माणसाच्या हातात राहत नाही.

साहेब म्हणायचे, "छाती से पहले. जो करना है, छाती से पहले."

त्या पावसाळ्यात आमचा कॉलम, म्हणजे पुरात मदतीला निघालेली तुकडी, तेल्हाऱ्याला गेला. पूर्णेला मिळणाऱ्या एका नदीने आठ-दहा गावं वेढली होती. साहेबांनी परवानगी काढून कॉलमसोबत तीन माणसांची टीम जोडून घेतली. ते, मी आणि सवार, म्हणजे शिपाई, गजानन ढोले.

गजू तेल्हारा तालुक्यातलाच. वय तेवीस. अंगाने बारीक, तोंडाने फाटका. आम्ही दोघे वऱ्हाडी, म्हणून युनिटमध्ये जोडीने ओळखले जायचो. ड्युटीवर तो मला उस्ताद म्हणायचा, ड्युटी संपली की भाऊ. ज्या गावाला आम्हाला जायचं होतं ते त्याच्या मामाचं गाव होतं. गावाचं नाव लिहीत नाही. दोष एकट्या त्या गावाचा नाही.

17:40 ला आम्ही तेल्हाऱ्यात एका शाळेत उतरलो. 18:30 ला ब्रीफिंग. गाव दुपारीच रिकामं केलं होतं. होड्या आल्या, भोंग्यावरून सांगितलं गेलं, फक्त माणसं, सामान नाही, जनावरं नाहीत. बहुतेक लोक शाळेत पोहोचले होते. थोडे जण हट्टाने मागे राहून देवळाच्या गच्चीवर चढले होते. आमचं काम पहाटे गावात जाऊन जिवंत जनावरं सोडवायची आणि साहेबांच्या वहीत प्रत्येक गोठ्याची नोंद करायची.

लोड लिस्ट मी बनवली. दोरखंड, मोरख्या, चाकू चार, औषधांची पेटी, भुलीची इंजेक्शनं, वही, पेन. 18:50 ला साहेबांची सही झाली.

19:00 च्या सुमारास गजू आला.

"उस्ताद, कटर घेऊ. इंजिनिअरवाल्यांच्या ट्रकात हाय. मोठा."

"काय कापतं कटरनं?"

"साखळ्या. अन् कुलपं."

"जनावराले कुलूप?"

"भाऊ, तुमच्या अंजनगावात पानपिंपळीले कोणी चोरत नाही. आमच्याइकडे रातच्यानं पिकअप येते अन् दोन मिनिटात बैलजोडी भरते. लोकं साखळी घालतात, वर कुलूप. मामानं तं मागच्या साली चांगलं जड पितळी आणलं."

मी म्हणालो, "लिस्टवर सही झाली."

"मंग बदला ना लिस्ट."

"साहेब जेवायला बसले आहेत."

गजूने माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाला आणि गेला.

हे मी सविस्तर लिहितो आहे, कारण नंतर झालेल्या चौकशीतही एवढंच विचारलं गेलं होतं. मला माहीत नव्हतं असंही नाही. आमच्या बाजूलाही मी गोठ्यातली कुलपं पाहिली होती, लहानपणी सणासुदीला मावशीकडे गेलो तेव्हा. पण वर्दी घातल्यावर माझ्या डोक्यात जनावर म्हणजे खेचर आणि बांधणं म्हणजे सुरगाठ. गावची गोष्ट मी गावातच ठेवून आलो होतो.

05:15 ला निघालो. जिथे डांबरी रस्ता पाण्यात शिरत होता तिथे गाड्या थांबल्या. इंजिनिअरांचा ट्रकही तिथेच उभा राहिला. तिथून गाव बोटीने वीस मिनिटं.

रस्त्याच्या टोकाला एक म्हातारा पांढरी घोडी धरून उभा होता. रहीमचाचा. लग्नसराईत नवरदेव मिरवायची घोडी. काल होडी आली तेव्हा त्यांनी घोडीचा पायबंद काढला, तिच्या आयाळीला धरून पाण्यात उतरले आणि तिच्यासोबत बाहेर आले. लोक होडीतून हसत होते म्हणे.

गजूने विचारलं, "चाचा, होडीत काहून नाही बसले?"

"इसको बांध के मैं कैसा बैठूँ? मेरेको तो तैरना भी नहीं आता. इसको आता."

साहेबांनी वहीत लिहिलं. त्या दिवसाची पहिली नोंद. घोडी, मोकळी, जिवंत.

06:20 ला बोट गावात शिरली. साहेब एका बोटीत पूर्वेकडच्या आळीला गेले. बोट थ्रीमध्ये मी, गजू आणि बोट चालवणारा इंजिनिअर जवान. पश्चिमेकडचे गोठे आमच्याकडे.

पहिला गोठा 06:50. दोन बैल. मेलेले. गव्हाणीच्या कडीला आखूड साखळी, साखळीला कुलूप. साखळी आखूड, म्हणून डोकं खाली ओढलेलं आणि मागचं धड पाण्यावर तरंगत होतं. गळ्याभोवतीची कातडी सोलली गेली होती. एकाचं शिंग मुळातून मोडलं होतं. ते त्याने स्वतःच मोडून घेतलं होतं, सुटायच्या धडपडीत.

दुसरा गोठा. गाय आणि वासरू. वासराला नुसती दोरी होती. त्याने दोरी तोडली होती, पण ते गेलं नव्हतं. आईला चिकटून बुडालं होतं.

तिसरा, चौथा, पाचवा. मी रकाने भरत होतो. कशाने बांधलं, केवढं आखूड, चावी कुठे. शेवटच्या रकान्यात मी पुन्हा पुन्हा एकच शब्द लिहीत होतो. मालकाकडे. सहाव्या गोठ्यात बकऱ्या होत्या. त्यांना कुणी बांधलं नव्हतं. त्या वैरणीच्या माळ्यावर चढून कडबा खात होत्या आणि आमच्याकडे बघत होत्या.

देवळाच्या गच्चीवरून एकजण ओरडला, "ओ मिलिटरी! माणसाईले उचला आधी! मेलेल्या बैलाचे फोटो काय काढून राहिले?"

गजू ओरडला, "फोटो नाही काका, हजेरी घेऊन राहिलो!"

गच्चीवर कुणी हसलं नाही. गजूही हसला नाही.

08:20 ला वासुदेवमामाचा गोठा. तो आळीच्या उंच टोकाला होता. आत दोन बैल जिवंत. एक मोरा, एक बांडा. गावातल्या लोकांनी रंगावरून त्यांना तीच नावं ठेवली होती. पाणी गुडघ्याला. दोघांनी गजूला ओळखलं. मोऱ्याने मान लांब करून त्याच्या बाहीचा वास घेतला.

दोघांच्या गळ्यातली साखळी मध्ये एका खुंट्याच्या कडीला अडकवलेली. कडी पाण्याखाली. गजूने हात घातला आणि चाचपलं.

"दोन कुलपं हायेत उस्ताद."

"दोन?"

"गाव खाली झालं ना. मंग चोरासाठी मोकळंच रान." तो उभा राहिला. "मामानं जाता जाता एकाचे दोन केले."

गाव सोडायचा हुकूम आला तेव्हा गावाने पाण्याचा विचार केला नाही. रिकाम्या गावाचा विचार केला. ज्यांची साखळी सैल होती त्यांनी घट्ट केली, ज्यांच्याकडे एक कुलूप होतं त्यांनी दुसरं शोधलं, चाव्या करदोड्याला बांधल्या आणि होडीत बसले. दिवसभर मी जे पाहिलं ते पुराने केलेलं नव्हतं. ते काळजीने केलेलं होतं. माझ्या गावाने असंच केलं असतं. तुमच्याही.

08:35 ला मी रेडिओ घेतला.

"कंट्रोल, बोट थ्री. कैंप में एक सिव्हिलियन ढूँढना है. वासुदेव. उसके पास चाबी है. ओव्हर."

"बोट थ्री, कंट्रोल. किस चीज़ की चाबी? ओव्हर."

"बैल की. ओव्हर."



"बैल की चाबी. रॉजर. यहाँ पूरा तालुका बैठा है, भाई. ढूँढते हैं. आउट."

आता ही गोष्ट. तुम्ही थांबून वाचा.

मी चावी मागितली. मी कटर मागितला नाही. कटर वीस मिनिटांवर, रस्त्याच्या टोकाला ट्रकात होता. मामा तेल्हाऱ्यात, हजारो लोकांत, कुठल्या वर्गात झोपला होता कुणाला ठाऊक नव्हतं. तरी मी चावी मागितली. कारण कटर मागितला असता, तर रेडिओवर सगळ्या कॉलमने ऐकलं असतं आणि कुणीतरी विचारलं असतं, लोड लिस्टवर कटर का नव्हता. गजूला हे कळलं. तो मला टोकू शकत नव्हता. ज्युनिअर होता.

08:55 ला बोट टू पाणी आणि बिस्किटं घेऊन रस्त्याच्या टोकाहून देवळापाशी आली. कटर तिच्यात येऊ शकला असता.

मी काय करत होतो? वही माझ्या हातात होती. माझ्या अक्षरात त्या पानावर असं लिहिलेलं आहे. 08:20, गुडघा. 08:50, पोट. 09:05, बांडा कान मागे, डोळ्याचं पांढरं दिसतं. 09:15, छाती. 09:20, दोन्ही जनावरं मागे ओढू लागली. तंतोतंत नोंद आहे. डेपोत अशी नोंद केली तर साहेब शाबासकी द्यायचे.

09:22 ला रेडिओ वाजला. वरच्या धरणाचे दरवाजे उघडत आहेत, 10:30 पर्यंत गावात पाणी वाढेल, सगळ्या बोटी 10:15 ला बाहेर. चावी? मामा सापडला, गाडीत बसवला आहे, येतो आहे.

तेव्हा मी कटर मागितला.

"बोट थ्री, अभी सब बोट लोगों के लिए हैं. आखिरी चक्कर में भेजेंगे. आउट."

गजूने घरातून पहार शोधून आणली होती. म्हणाला, "खुंट्यातली कडीच उखडतो. लाकूड भिजलेलं हाय. दहा मिनिटं द्या."

"आत जागा नाही. दोन बैल ताणून उभे आहेत."

"मोरा मले काही करत नाही."

"त्याला आता तू दिसत नाहीस. छातीच्या वर गेलं पाणी."

"मालूम हाय मले. टाकी मीच भरत होतो ना." त्याने लाइफ जॅकेटचे पट्टे सोडले. "हे घालून बुडी मारता येत नाही."

त्याला थांबवण्याचा अधिकार मला होता. फीत माझ्या बाहीवर होती. मी म्हणालो, "दहा मिनिटं. मग बाहेर."

मी दारात, कमरेला दोरखंड बांधून. दोरखंडाचं दुसरं टोक गजूच्या कमरेला. तो आत शिरला तेव्हा 09:40.

कडी त्याच्या गुडघ्याच्याही खाली, गढूळ पाण्यात. दम धरायचा, खाली जायचं, पहारीचं टोक कडीत घालायचं, रेटायचं, वर यायचं. पहिल्या बुडीला पहार निसटली. दुसऱ्या बुडीनंतर तो वर आला आणि म्हणाला, "हलते." तिसऱ्या बुडीनंतर खोकला. बांड्याच्या नाकाशी पाणी आलं होतं. तो घशातून असा आवाज काढत होता, जो मी कुठल्याही जनावराच्या तोंडून ऐकला नव्हता. गजूने त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"थांब बे. झालंच. रडून काहून राहिला?"

मग माझ्याकडे पाहून, "उस्ताद, हे सुटले ना, तं मामाची सगळी कुलपं मी नदीत फेकतो. तुमी साक्षीले राहजा."

चौथ्या बुडीला कडी तुटली. पूर्ण नाही, अर्धी. मोऱ्याची साखळी सुटली. तो सगळं वजन टाकून मागे ओढत होता, तो एकदम मागे गेला, भिंतीवर आपटला, वळला, दारातून माझ्या अंगावरून बाहेर पडला आणि पोहायला लागला. गळ्यात साखळी, साखळीत कुलूप. मी पाण्याखाली गेलो. वर आलो तेव्हा दोरखंड ताठ होता.

मोऱ्याचा भार गेला आणि एकट्या बांड्याच्या ओढीने उरलेली कडी आडवी फिरली. बांडा बाजूला फेकला गेला. गजू त्याच्या आणि गव्हाणीच्या मध्ये होता. खाली होता.

मी बांड्याला ढकललं. बैल ढकलून हलतो. साखळीने जखडलेला बैल हलत नाही. मी चाकूने साखळीवर मारलं. हो, चाकूने. मी बोटवाल्याला हाक मारली, आम्ही दोघांनी ढकललं. मी खाली गेलो, गजूचा हात सापडला, त्या हाताने माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. मग पकड सैल झाली.

घड्याळ माझ्या हातात होतं. त्या दिवसाच्या वहीत एवढी एकच वेळ लिहिलेली नाही.

10:05 ला बोट टू आली. तिच्यात कटर नव्हता. घाईत विसरला. तिच्यात वासुदेवमामा होता. करदोड्याला बांधलेल्या चाव्या त्याने आधीच सोडून मुठीत धरल्या होत्या. तोवर आम्ही गजूला बाहेर काढला होता. बांडा दमून सैल पडला, तेव्हा गजू सहज निघाला. बोटीत निजवला होता. मामाने भाच्याकडे पाहिलं, गोठ्याकडे पाहिलं, आणि पाण्यात उतरला.

बांडा अजून जिवंत होता. नाकपुड्या तेवढ्या वर होत्या.

मामाने खाली हात घालून कुलूप शोधलं. चावी लावली. चावी फिरली नाही. कुलपात गाळ भरला होता आणि साखळी ताणलेली होती. ताणलेलं कुलूप चावीने उघडत नाही. मामाने पुन्हा लावली. पुन्हा. चावी कुलपातच वाकली.

"उघडत नाही बापू," तो मला म्हणाला. मी त्याच्या मुलाच्या वयाचा. "माहं कुलूप हाय. मलेच उघडून नाही राहिलं."

10:10 ला साहेबांची बोट आली. त्यांनी गजूची नाडी पाहिली. टोपी काढली, पुन्हा घातली. मग गोठ्यात जाऊन बांड्याच्या मानेत भुलीचं इंजेक्शन दिलं. जास्तीचं. मामा त्याचं शिंग धरून उभा होता. 10:15 ला सगळ्या बोटी बाहेर निघाल्या. बांडा बुडाला तेव्हा झोपेत होता. त्या आळीत आम्ही कुणाला काही देऊ शकलो असू तर ते एवढंच.

चौकशी झाली. मी लोड लिस्टचं सांगितलं, रेडिओचं सांगितलं, काही लपवलं नाही. अधिकाऱ्याने शेवटी लिहिलं, परिस्थिती बिकट, कुणाचा दोष नाही. मला ते वाक्य मान्य नाही. परिस्थिती नावाचा इसम गावात कुठेही भेटला नाही. तिथे कुलूप होतं, ते लावणारा हात होता, फक्त माणसांना होडीत घेणारा हुकूम होता, आणि साहेब जेवत आहेत म्हणून लिस्ट न बदलणारा मी होतो.

गजूच्या गावी मीच गेलो. त्याची आई चुलीपाशी होती. तिने एकच विचारलं, "बैल वाचले का?" मी म्हणालो, एक वाचला. ती म्हणाली, "मंग ठीक." आणि पदर तोंडाला लावून आत गेली. तिने मला दोष दिला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी गुडघ्याच्या दुखण्याने मला मेडिकल बोर्डाने घरी पाठवलं. कॅप्टनसाहेबांचं संशोधन चालू होतं. त्यांनी फॉर्म पाठवले आणि मी अंजनगाव, तेल्हारा, अकोट, दर्यापूर या भागातले गोठे फिरायला लागलो. घोडेवाले, दूधवाले, बैलवाले. त्यांचं म्हणणं खोटं नाही. चोर आहेत. पिकअप येते. एकजण म्हणाला, "भाऊ, कुलूप नाही लावलं तं सकायी दावण खाली. तुमी देसान का बैल?" मी देणार नाही. पण चोराने नेलेला बैल कुठल्यातरी बाजारात सापडण्याची आशा असते. गव्हाणीशी बुडालेल्याची नसते.

माझ्या फॉर्ममध्ये सगळ्यात शेवटचा प्रश्न मी साहेबांना सांगून घातला आहे. तो तोंडी विचारत नाही. बादली मागतो. मालकाचं कुलूप साखळीसकट बादलीतल्या पाण्यात बुडवतो, चिमूटभर गाळ टाकतो, साखळी माझ्या बाजूने जोरात ओढून धरतो आणि म्हणतो, उघडा.

लोक हसतात. "हा काय पोरखेळ हाय बे?" मग हात घालतात. चावी भोकाला सापडत नाही. सापडली तर फिरत नाही. हसू कमी होतं. एका पाटलांनी पाच वेळा प्रयत्न केला आणि बादली लाथेने उलटवली. मला शिवी दिली. दुसऱ्या दिवशी मी तिथून गेलो तेव्हा त्यांच्या बैलांना दोरी होती आणि पाटील गोठ्याच्या दारात खाट टाकून निजले होते. हेही एक उत्तर आहे.

पण मी एकटा आहे आणि नद्या पुष्कळ आहेत. फॉर्म अहवालात जातील, अहवाल कपाटात जाईल. पोळ्याला आपण बैलाच्या खांद्याला लोणी चोळतो, जेवायचं आवतन देतो, शिंगांना बेगड लावतो आणि संध्याकाळी त्याच गळ्यात कुलूप अडकवतो. आपल्याला बैलाची माया नाही, असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, त्या मायेची चावी आपल्या कमरेला असते आणि बैल गोठ्यात असतो.

सवार गजानन ढोले गेला. बांडा गेला. पहिल्या गोठ्यातले दोन बैल, ज्यांची नावं मला कुणी सांगितली नाहीत. आईला चिकटून राहिलेलं वासरू. माझ्या वहीत "मालकाकडे" या शब्दासमोर ओळीने लिहिलेली सगळी जनावरं. मी त्यांना रोज आठवत नाही. आठवणं सोपं आहे आणि त्याने काही सुटत नाही.

तुमच्याकडे एक मागणं आहे. हा कागद खाली ठेवा आणि गोठ्यात जा. गाव रिकामं करायची दवंडी येईल तेव्हा आधी कुलूप काढायचं आणि मग होडीत बसायचं, हे घरातल्या प्रत्येकाला आज सांगा. दुसरी चावी करवा आणि शेजाऱ्याकडे द्या. मग बादलीत पाणी घ्या, कुलूप बुडवा, मुलाला साखळी ओढून धरायला सांगा. डोळे मिटा. दम धरा. उघडा.

दम संपायच्या आत उघडलं नाही, तर ते कुलूप पुन्हा कुठल्याही जनावराच्या गळ्याजवळ नेऊ नका.